अडवलेले तेवीस निरोप

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, भुताखेतांच्या गोष्टींच्या या ऑनलाइन कम्युनिटीवर सगळेच असं म्हणतात. म्हणू देत. मी शपथ वगैरे घेणार नाही. दिलेल्या शब्दाचं माझं काय होतं ते पुढे कळेलच.

आणि रात्रीची, स्मशानाची, वडाच्या झाडाची वाट बघत असाल तर बघू नका. ही भर दुपारची गोष्ट आहे. शुक्रवार, १२ मे २००६. रत्नागिरी. एक वाजून बावन्न मिनिटं.

माझं नाव गंधार. तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका मच्छीच्या फॅक्टरीत कॉम्प्युटर बघायचो. फॅक्टरीचं नाव सांगत नाही, ती आता बंद आहे. कोळंबी, म्हाकूल, सुरमई यायची, गोठवायची आणि परदेशी जायची. गोठवलेला माल ठेवायला तीन मोठ्या थंड खोल्या होत्या. आत उणे वीस. त्यातल्या दोन नंबरच्या खोलीला लागून माझं ऑफिस. मध्ये एक भिंत. माझी खुर्ची त्या भिंतीलाच टेकलेली असायची.

त्या खोल्या भिकाजी सांभाळायचा. पन्नाशीचा, काटकुळा, पावसच्या रस्त्याला एका वाडीत राहणारा. बोलायला गोड. मला म्हणायचा, "गंधारभाऊ, तुमचा तो डबा बंद पडला तर तुमाला काम नाय, माझा डबा बंद पडला तर शेठला काम नाय."

त्याच्या डब्यासाठी शेठनं पुण्याहून एक सॉफ्टवेअर आणलं होतं. खोली तापली, दार उघडं राहिलं, की ते आपोआप ऑफिसला मेल पाठवायचं. आणि आत प्रत्येक खोलीत एक लाल बटण होतं. माणूस आत अडकला तर दाबायचं. एकदा दाबलं की एक मेल. मजकूर ठरलेला.

'रूम दोन. आत माणूस.'

मेल आली की माझा कॉम्प्युटर टिंग करायचा आणि तोच निरोप माझ्या मोबाईलवर जायचा. म्हणजे मी उठून दार उघडायचं. एवढंच काम. शेंबड्या पोराला जमेल असं.

आता माझी चूक सांगतो.

त्या वर्षी फालतू मेलींचा नुसता पूर आला होता. कुणाला लॉटरी लागलेली, कुणी गोळ्या विकतंय. हाशिम शेठ एक दिवस माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"अरे गंधार, नायजेरियाच्या राजपुत्राची शंभर पत्रं आली आणि माझ्या दुबईच्या गिऱ्हाईकाचं एक गायब? गिऱ्हाईक गेलं तर पगार तुला तो राजपुत्र देणार काय?"

मग मी यादी केली. नियम सोपा. यादीत ज्याचा पत्ता, त्याचीच मेल आत येणार. बाकी सगळं 'अडवलेले' नावाच्या फोल्डरमध्ये पडणार. तिथे टिंग नाही, मोबाईल नाही, काही नाही.

यादीत सगळे घेतले. गिऱ्हाईकं, बँक, जहाजवाले, शेठचा दुबईचा भाऊ. शेठच्या मेहुण्याचंसुद्धा नाव घातलं.

सॉफ्टवेअरचं राहिलं.

विसरलो म्हणालो तर अर्धं खोटं होईल. माझ्या लेखी ते घरचंच होतं. लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना घरच्यांची नावं कोण लिहितो? पण त्याच्या मेली पुण्याच्या कंपनीतून फिरून यायच्या. कॉम्प्युटरच्या लेखी ते परकं होतं.

ही यादी मी ११ मेला संध्याकाळी चालू केली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शेठ आणि बरेचसे कामगार जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. उरलेले जेवून सावलीला आडवे. रत्नागिरीत दुपारी एक ते चार माशीसुद्धा काम करत नाही. मी डबा खाल्ला, एसी लावला आणि कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसलो.

भिंतीतून आवाज येत होता…

धप्.

मग थोड्या वेळानं… धप्.

कॉम्प्रेसर असेल म्हटलं. कॉम्प्रेसर असे आवाज करतोच.

साडेचारला माल भरायला माणसं आली. त्यांनी दोन नंबरचं दार उघडलं.

भिकाजी दाराला पाठ लावून बसला होता. अंगात नुसता सदरा. एका मिनिटाचं काम म्हणून जाकीट न घालता गेला असणार. दाराची आतली मूठ आठवडाभर सैल होती, ती निखळून त्याच्या मांडीवर पडली होती. मोबाईल आत नेत नसत, तो बाहेर खुंटीला पिशवीत.

त्याचा उजवा अंगठा… तो काळा पडला होता.

सगळे ओरडत होते. मी ऑफिसात परत आलो. फोल्डर उघडलं.

अडवलेले.

राजपुत्र, लॉटरी, गोळ्या. आणि त्यांच्यामध्ये…

'रूम दोन. आत माणूस.' एक बावन्न.

'रूम दोन. आत माणूस.' एक बावन्न.

'रूम दोन. आत माणूस.' एक त्रेपन्न.

तेवीस होते. सुरुवातीचे एकाला एक लागून. मग दोन-दोन मिनिटांनी. मग पाच. बाविसावा दोन पन्नासला, तेविसावा तीन वाजून चार मिनिटांनी. या शेवटच्या दोन निरोपांमध्ये चौदा मिनिटं होती. ती चौदा मिनिटं भिकाजी काय करत होता, हे मी पुष्कळदा मनात आणून बघितलंय.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हातपाय आहेत की नाहीत ते कळेना. मी तेवीसच्या तेवीस निवडले आणि पुसून टाकले. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

पोलीस आले. विचारलं, मेल आली होती का? मी म्हटलं, नाही.

मग त्यांनी सहज विचारलं, "पीत होता काय?"

मी म्हटलं, "कधीमधी घ्यायचा."

खोटं नव्हतं. शिमग्यात सगळेच घेतात. पण त्या दोन शब्दांवर कागद मिटला. संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी पोचली होती… भिकाजी पिऊन आत गेला आणि झोपला.

त्याची बायको, सगुणावहिनी, मला सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भेटली. तिनं एकच विचारलं.

"भाऊ, तुम्ही पलीकडंच व्हतात. त्यांनी काय कळवलं नाय?"

"नाही वहिनी."

"सगळी म्हनतायत पिऊन झोपले. ते कामावर कदी पिऊन गेले नाय. निदान हाक तरी मारली असतील."

तिला दुसरं काही नको होतं. नवरा नशेत मेला नाही, हाक मारत मेला, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते माहीत असलेला माणूस जगात एकच होता.

दहाव्याला मी गेलो. जायला नको होतं, पण फॅक्टरीतून कुणीतरी जायला हवं म्हणून शेठनं मलाच पाठवलं.

वहाळावर पिंड मांडला. मे महिना, कोंडीत गुडघाभर पाणी. कावळे समोरच्या आंब्यावर बसलेले होते. आठ-दहा तरी असतील. एकही खाली येईना.

भिकाजीचा भाऊ रामा हात जोडून म्हणाला, "दादा, पोरीचं शिक्षन मी बघीन."

नाही.

"वैनीला अंतर देनार नाय."

नाही.

पाऊण तास झाला. उन्हानं डोकी तापली. एक म्हातारा पुटपुटला, "ह्याचं मन कशात तरी अडकलंय."

मला माहीत होतं कशात. मी मनातल्या मनात म्हटलं… भिकाजी, तुझा निरोप मी पोचवीन.

कावळा उतरला.

लगेच. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि सगुणावहिनी कावळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. दहा पावलांवर उभी होती. पण सांगायचं म्हणजे पोलीस, नोकरी, माझ्या घरची माणसं… मी एसटीत जाऊन बसलो.

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी एक पळवाट काढली. आता हसू नका. सॉफ्टवेअरचा पत्ता यादीत घातला. म्हटलं, घे बाबा. आता तुझे निरोप अडणार नाहीत. शब्द पाळला.

त्याच दुपारी…

टिंग.

'रूम दोन. आत माणूस.'

घड्याळात एक बावन्न.

खिशात मोबाईल थरथरला. मी तो काढला आणि हातातून टाकलाच. बर्फासारखा गार होता. बाहेर छत्तीस डिग्री आणि काचेवर दव.

मी धावत गेलो. दोन नंबरच्या दाराला पोलिसांचं सील होतं. आतला माल हलवलेला. बटणाची वायर बाहेरून कापलेली, मी स्वतः ती कापताना उभा होतो. सील तोडून आत बघितलं. रिकामी खोली. गरम. कुबट वास.

परत आलो तर आणखी सहा आले होते.

तेवीस झाले. शेवटचे दोन, दोन पन्नास आणि तीन चार. मेल उघडून बघितली तर तारीख आजची नव्हतीच. १२ मे.

पुण्याला फोन लावला. त्यांचा अपूर्व नावाचा इंजिनियर होता, भला मुलगा.

"तुमच्याकडून मेली येतायत," मी म्हटलं.

"शक्य नाही सर. तुमचं कनेक्शन आम्ही पंधरा तारखेलाच बंद केलंय."

"मग या कुठून येतायत?"

"सर, खरं सांगू? अपघाताच्या दिवशी तेवीस मेली गेल्याची नोंद आहे आमच्याकडे. तुम्हीच म्हणालात, आल्या नाहीत."

मी फोन ठेवला.

मंगळवारी तेवीस. बुधवारी तेवीस.

गुरुवारी सकाळी मी पत्ता यादीतून काढून टाकला. एक बावन्नला… टिंग. मग मी पूर्ण यादीच पुसली. म्हणजे आता कुणाचीच मेल आत येणार नव्हती. गिऱ्हाईकं, बँक, सगळे बंद.

टिंग.

ज्या यादीनं भिकाजीचे तेवीस अडवले होते, तिला आता एकही अडवता येत नव्हता.

मग आणखी एक गोष्ट झाली. निरोपांच्या मध्ये भिंतीतून आवाज यायला लागला.

धप्.

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, कॉम्प्रेसर.

आणि मग आठवलं. दोन नंबरचा कॉम्प्रेसर अपघाताच्या रात्रीपासून बंद होता.

मग बारा तारखेला, पत्ते खेळताना, मी काय ऐकत होतो?

हे मला कळलं तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. खूप लाज वाटायला हवी होती. मी भिंतीकडे बघत बसलो आणि डब्यातली उरलेली भाकरी खाल्ली. इतका मी दगड झालो होतो. अजूनही बराचसा आहेच.

रविवारी, ४ जूनला, शेवटी वाडीत गेलो. भिकाजीचं घर रस्त्यापासून वर, कातळावर. अगोटीची धांदल होती, पावसाआधीचं सगळं घरात भरायचं काम. वहिनी पडवीत लाकडं रचत होती. मला बघून तिनं पाणी आणून दिलं.

मी बसलो. काय बोलायचं ते एसटीत दहा वेळा घोकलं होतं.

घड्याळात बघितलं. एक पन्नास. एक एक्कावन्न. मोबाईल मांडीवर ठेवला आणि वाट बघत राहिलो.

एक बावन्न.

माझा मोबाईल वाजला नाही…

घराच्या आतून टिंग आलं.

वहिनी शांतपणे उठली. हात पदराला पुसले. आत जाऊन भिकाजीचा मोबाईल घेऊन आली, तोच, पिशवीत सापडलेला.

"आला," ती म्हणाली. आणि माझ्यासमोर धरला.

'रूम दोन. आत माणूस.'

पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. गंधारभाऊ. खाली माझाच नंबर.

"रोज येतंय," ती म्हणाली. "दहाव्याच्या दुसऱ्या दिसापासून. माझ्या लेकीनं वाचून दाखवलान. पयल्यांदा म्हटलं, तुमी चुकून पाठवलंत. मग आमी मोजले. रोज तेवीस. तवा मला कळलं, ही त्यांची हाक हाय."

माझा मोबाईल माझ्या मांडीवर होता. मी त्याला हातही लावला नव्हता. मी तिला एकही निरोप कधी पाठवला नव्हता.

"तुमाला त्या दिवशी आलं व्हतं ना, भाऊ?"

मी मान हलवली.

"सगळे?"

"सगळे. मी बघितले नाहीत. मग पुसले. आणि पोलिसांना ते पिण्याचं मीच बोललो."

मला वाटलं ती किंचाळेल, अंगावर लाकूड फेकेल. ती मोबाईल पदरात धरून उंबऱ्यावर बसली. हातात पुन्हा टिंग झालं. तिनं बघितलं नाही.

"मी तुमची वाट बघत व्हते," ती म्हणाली. "निरोप येतोय तर मानूस पन येईल. आलात. बरं झालं. आता माझं मन निवलं. पन माझ्या एकटीचं निवून काय उपेग? माझ्या पोरीला शाळेत म्हनतात, बेवड्याची पोर. वाडीतली मानसं बोलावते. चारचौघांत सांगा, ते प्यायलेले नव्हते. मग तुमी मोकळे."

"सांगतो," मी म्हटलं.

"आता बोलावू?"

"पुढच्या रविवारी येतो वहिनी. नक्की."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दहाव्याला पाहिलं होतं तसंच.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

जुलैत नोकरी सोडली. सिमकार्ड भाट्याच्या पुलावरून खाडीत फेकलं. नवा मोबाईल घेतला, नवा नंबर, घरच्यांशिवाय कुणाला दिला नाही. दुसऱ्या दिवशी एक बावन्नला…

बरोबर ओळखलंत.

रामा एकदा बाजारात भेटला होता. सहज म्हणाला, वैनीच्या मोबाईलवर कसले तरी मेसेज यायचे ते तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून बंद झाले. म्हणजे तिचा निरोप तिला पोचला. आता ते फक्त मला येतात. रोज तेवीस. तीन वर्षं. नंतर कधीतरी मी मोजायचं सोडलं, जेवताना वाजला तर जेवत राहतो. बायको म्हणते, कुणाचे एवढे मेसेज? मी म्हणतो, कंपनीचे.

आता माझं शहरात छोटं सायबर कॅफे आहे. सहा कॉम्प्युटर. आज मंगळवार, १२ मे २००९. आज तीन वर्षं झाली. दुपारचं गिऱ्हाईक नाही, शटर अर्धं खाली, आणि मी हे इथे लिहितोय. या कम्युनिटीत चारशे माणसं आहेत. चारचौघांपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून लिहितो, स्पष्ट लिहितो.

भिकाजी प्यायलेला नव्हता. त्यानं तेवीस वेळा हाक मारली. मी पलीकडे बसून पत्ते खेळत होतो.

झालं. सांगितलं.

आता घड्याळात एक एक्कावन्न झालेत. मोबाईल टेबलावर ठेवलाय.

एक बावन्न.

…वाजला नाही.

तीन वर्षांत पहिल्यांदा वाजला नाही. काच कोरडी आहे. हात लावून बघितला, गार नाही. मला वाटतं… मला वाटतं हलकं वाटतंय. हे असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

एक त्रेपन्न.

धप्.

माझ्या खुर्चीमागच्या भिंतीतून आला. मी नीट ऐकलं.

या भिंतीपलीकडे दुसरं दुकान नाही. टेकडी कापून गाळा काढलाय. पलीकडे नुसता जांभा दगड आहे.

धप्.

तिला मी वाडीत येऊन सांगतो म्हटलं होतं. इथे लिहितो असं नाही म्हटलं. यादीत पत्ता घातला होता तेव्हाही मी असंच केलं होतं.

पावसच्या बाजूला जाणारी एसटी सव्वादोनला आहे. ती गाठायची तर आत्ता उठायला हवं. शटर ओढायचं, रिक्षा करायची, स्टँडवर जायचं. कठीण काही नाही.

दोन ठोके झाले. अजून एकवीस आहेत.

मी अजून खुर्चीतच बसलोय.